शेवटचा चेक देण्याआधी सर्व्हरचा प्लग काढून बघा



९ फेब्रुवारी २०२२, बुधवार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ही सकाळ आठवत असेल. पहाटे सहाच्या सुमारास महापारेषणच्या लोणीकंद-चाकण भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांमध्ये बिघाड झाला आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण अशा सगळ्या पट्ट्याची लाईट गेली. आपल्या संत तुकाराम नगरमध्येही तेच. मग टप्प्याटप्प्याने लाईट परत आली. मी दुकानाचं शटर वर करतोय तोवर भोसरी एमआयडीसीतून फोन. एका वर्कशॉपच्या अकाउंट्सच्या ताई होत्या.

"दादा, लाईट आली, सगळे कॉम्प्युटर चालू झाले, पण टॅली उघडत नाही. सर्व्हर सापडत नाही म्हणतंय."

"सर्व्हर चालू आहे का बघा ना."

"तो शेठच्या केबिनमध्ये आहे. केबिनला कुलूप आहे. शेठ लग्नाला कराडला गेलेत."

मी गाडी काढली. आपल्याकडची मेट्रो तेव्हा सुरू झाली नव्हती, ती पुढच्या महिन्यात, ६ मार्चला झाली. नाशिक फाट्यावरून भोसरीत पोचलो तर गेटवर टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर बिडी ओढतोय, आणि बिल निघत नाहीये. माल चाकणला जायचा होता. तिथे पर्चेस ऑर्डरचा नंबर घातलेलं छापील बिल आणि ई-वे बिल नसेल तर गेटच्या आत घेत नाहीत, हाताने लिहिलेलं कुणी बघतसुद्धा नाही. केबिनच्या काचेतून सर्व्हर दिसत होता. स्टँडबायचा बारीक दिवा लागलेला. म्हणजे करंट पोचतोय, पण साहेब झोपलेत. शेवटी चावीवाला बोलावला. कुलूप उघडल्यावर मी काय केलं? एक बटण दाबलं. पाच मिनिटांत टॅली चालू.

टेम्पो तीन तास उशिरा गेला. शेठ संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणाले, "दादा, लाखाच्या वरचा डबा घेतला तुझ्याकडून. घरातला फ्रिज लाईट आल्यावर आपोआप चालू होतो. याला का होता येईना?"

तो सर्व्हर मीच विकला होता. मीच बसवला होता. चूक माझीच होती, आणि ती कुठल्या वायरीत नव्हती की विंडोजमध्ये नव्हती. ती होती सर्व्हर चालू होताना क्षणभर जो कंपनीचा लोगो दिसतो, त्याच्या मागच्या सेटिंगमध्ये. ते सेटिंग मी कधी उघडूनच बघितलं नव्हतं. बॉक्समधून काढला, विंडोज टाकलं, टॅली टाकलं, चेक घेतला.

तेव्हापासून माझं एक मत झालंय. सर्व्हर विकणाऱ्याने फर्मवेअर सेटिंगचा लेखी कागद दिलाच पाहिजे, आणि घेणाऱ्याने तो कागद हातात पडल्याशिवाय आणि समोर प्लग काढून-लावून दाखवल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नयेत. माझ्या धंद्यातल्या काही मित्रांना हे आवडत नाही. त्यांचं म्हणणंही पुढे सांगतो.

आधी हे फर्मवेअर म्हणजे काय ते. तुमची विंडोज किंवा लिनक्स हार्ड डिस्कवर असते. पण मशीनला करंट मिळाल्यावर सगळ्यात पहिला जागा होतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम. जुने लोक त्याला बायोस म्हणतात, नवीन प्रकाराचं नाव यूईएफआय. मेमरी किती, प्रोसेसर किती वेगाने पळवायचा, कुठल्या डिस्कवरून विंडोज उठवायची, लाईट जाऊन आली तर काय करायचं, हे सगळं तो ठरवतो आणि मग विंडोजच्या हातात कारभार देतो. विंडोज म्हणजे मॅनेजर, फर्मवेअर म्हणजे पहाटे गेट उघडणारा वॉचमन. वॉचमनने गेटच उघडलं नाही तर मॅनेजर कितीही हुशार असून काय करणार?

आत जायची की कंपनीप्रमाणे वेगळी असते. डेलच्या पॉवरएजवर मशीन चालू होताना एफ२, एचपीईच्या प्रोलायंटवर एफ९, लेनोवोच्या थिंकसिस्टिमवर एफ१. सर्व्हरला सुरू व्हायला साध्या पीसीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, तेव्हा घाबरू नका आणि की दाबून कंटाळू नका.

आता त्या बुधवारी नेमकं घोडं कुठे पेंड खात होतं ते बघा. लाईट गेल्यावर परत आली तर काय करायचं, याचे बहुतेक सर्व्हरवर तीन पर्याय असतात. डेलवर त्याला एसी पॉवर रिकव्हरी म्हणतात, एचपीईवर ऑटोमॅटिक पॉवर-ऑन. पहिला पर्याय, नेहमी चालू हो. दुसरा, बंदच राहा. तिसरा, लाईट जाताना ज्या अवस्थेत होतास त्याच अवस्थेत ये. कंपनीतून मशीन साधारण या तिसऱ्या पर्यायावर येतं, आणि ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. चालू होता तर चालू होईल, मग अडचण कुठे?

अडचण यूपीएसमध्ये आहे. शेठकडे चांगला ऑनलाईन यूपीएस होता, यूएसबी वायरने सर्व्हरला जोडलेला. लाईट गेली, बॅटरी उतरत आली, यूपीएसच्या सॉफ्टवेअरने विंडोजला सांगितलं की बाबा आता बंद हो. विंडोज नीट, शिस्तीत बंद झाली. डेटा सुरक्षित. म्हणजे यूपीएसने त्याचं काम चोख केलं. मग थोड्या वेळाने बॅटरी संपली आणि सर्व्हरचा करंट गेला. आता फर्मवेअरच्या दृष्टीने करंट जाताना मशीन कुठल्या अवस्थेत होतं? बंद! लाईट आल्यावर त्याने प्रामाणिकपणे तीच अवस्था परत आणली. म्हणजे यूपीएस नसता आणि लाईट धाडकन गेली असती, तर सर्व्हर लाईट आल्यावर आपोआप उठला असता. चांगला यूपीएस लावला म्हणून उठला नाही. मला हे कळलं तेव्हा अर्धा तास मी नुसता बसून होतो.

म्हणून ज्या ऑफिसात यूपीएस आहे तिथे "नेहमी चालू हो" हाच पर्याय ठेवा. आणि तेवढ्यावर थांबू नका, कारण अजून एक खाच आहे. समजा सॉफ्टवेअरने सर्व्हर बंद केला आणि यूपीएसची बॅटरी पूर्ण संपायच्या आतच लाईट आली. सर्व्हरचा करंट तर गेलाच नाही! मग लाईट "परत आली" हे त्याला कळणार कसं? तो तसाच बंद राहतो, फर्मवेअरमध्ये काहीही सेटिंग असो. यावर उपाय यूपीएसच्या बाजूला आहे. सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसने स्वतःचं आउटपुटही काही मिनिटांनी बंद करायचं आणि लाईट आल्यावर परत द्यायचं, असं त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सांगावं लागतं. चांगल्या यूपीएसमध्ये ही सोय असते. दुकानदाराला विचारा. त्याला माहीत नसेल तर तुमच्यासमोर मॅन्युअल उघडायला लावा.

तिसरी गोष्ट, लाईट आल्याआल्या सर्व्हर उठवू नका. आपल्याकडे लाईट येते, जाते, परत येते, हे सांगायला नको. त्यात शेजारच्या सगळ्या शेडमधल्या मशीन एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज नाचतं. फर्मवेअरमध्ये चालू होण्याआधी थांबायचा वेळ देता येतो. मी जितका जास्त मिळेल तितका देतो. कुठे एक मिनिट, कुठे त्याहून जास्त. दहा वाजता बिल काढायचंय, दोन मिनिटांनी काही बिघडत नाही.

इथेच एक सांगून ठेवतो, नाहीतर खाली प्रश्न येणारच. तीन जण टॅलीवर बसतात, डेटा थोडा आहे, तर सर्व्हर घेऊ का? माझं मत, घेऊ नका. एक चांगला डेस्कटॉप, यूपीएस आणि रोजचा बॅकअप पुरतो. टॅलीचं गोल्ड लायसन्स त्याच्यावरही चालतं. पण डेस्कटॉपच्या बायोसमध्येसुद्धा लाईट आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, नावं वेगवेगळी असतात एवढंच. म्हणजे हा लेख तुम्हालाही लागू आहे.

आता वीज किती खायची त्याबद्दल. फर्मवेअरमध्ये पॉवर प्रोफाइल नावाचा प्रकार असतो आणि तिथे नवीन मुलं हमखास चुकतात, कारण पर्यायांच्या नावांनी माणूस भुलतो. "मॅक्सिमम परफॉर्मन्स" दिसलं की बोट आपोआप तिकडे जातं. पैसे मोजलेत तर फुल ताकदीने पळू दे की! पण या पर्यायाचा अर्थ असा की प्रोसेसरला काम नसतानाही डुलकी घेऊ द्यायची नाही. पंखे जोरात, केबिन गरम, आणि लाईट गेल्यावर यूपीएस लवकर मान टाकणार. रात्री ऑफिसात कुणी नाही, तरी इंजिन रेस करून गाडी उभी.

हिशोब करून बघा. समजा फरक ४० वॉटचा आहे. दिवसाचे २४ तास, वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे ३५० युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाला ४,२०० रुपये. हा दर मी उदाहरणाला घेतलाय, तुमच्या बिलावरचा टाका. आणि ४० वॉट हेही गृहीत धरलंय. तुमच्या मशीनचा खरा आकडा बघायचा तर बहुतेक सर्व्हरच्या रिमोट कंट्रोलच्या पानावर, म्हणजे डेलचं आयड्रॅक, एचपीईचं आयएलओ, तिथे वॉटमध्ये दिसतो. दोन्ही प्रोफाइलवर एकेक दिवस चालवून आकडा लिहून ठेवा.

उलटी चूकही बघितलीय. एकाने वीज वाचवायची म्हणून प्रोलायंटवर स्टॅटिक लो पॉवर केलं होतं. यात प्रोसेसर कायम सगळ्यात कमी वेगावर बांधला जातो. महिनाअखेरीला जीएसटीचा रिपोर्ट काढताना सगळे एकमेकांची तोंडं बघत बसायचे, आणि दोष टॅलीला. वर्षाला हजार-दोन हजारांची वीज वाचवण्यासाठी चार माणसांचा रोजचा अर्धा तास घालवला. दात कोरून पोट भरतं का कधी?

छोट्या ऑफिसला मधला रस्ता बरा. डेलवर परफॉर्मन्स पर वॉट, एचपीईवर डायनॅमिक पॉवर सेव्हिंग्ज. काम आलं की वेग वाढतो, काम संपलं की खाली येतो. कंपनी साधारण याच जातीचा पर्याय लावून पाठवते आणि इथे कंपनीचं बरोबर आहे. एक लक्षात ठेवा. विंडोज सर्व्हरचाही स्वतःचा पॉवर प्लॅन असतो आणि तो मुळात बॅलन्स्ड असतो. फर्मवेअरमध्ये कारभार विंडोजकडे सोपवायचा पर्याय निवडलात तर विंडोजचा प्लॅन चालणार, नाहीतर फर्मवेअरचा. दोघांनी दोन दिशांना ओढायला नको. आणि एचपीईच्या नव्या मशीनवर वर्कलोड प्रोफाइल निवडलं की खालची काही सेटिंग्ज बदलता येत नाहीत, फिकट दिसतात. मशीन बिघडलेलं नसतं, प्रोफाइल कस्टम करावं लागतं.

मेमरीचा किस्सा आता सांगतो, कारण यात सरळ पैसा वाचलाय.

चिंचवडच्या बाजूला एक तरुण जोडपं आहे, शीट मेटलच्या पार्टचं डिझाइन आणि जॉबवर्क करतात. नवीन सर्व्हर परवडेना म्हणून त्यांनी जुना, दोन प्रोसेसरचा टॉवर घेतला, कुठल्यातरी मोठ्या ऑफिसातून निघालेला. मला यात काही वावगं वाटत नाही. लॅमिंग्टन रोडपासून आपल्या पुण्यापर्यंत रिफर्बिश्ड सर्व्हरचा मोठा बाजार आहे आणि नीट बघून घेतला तर सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांना पैसे वसूल माल आहे. बिलावर ६४ जीबी मेमरी. विंडोजमध्ये दिसतेय ३२. मशीन रडतंय. ज्याने दिला त्याला फोन केला तर तो म्हणाला, "अजून ३२ टाकून घ्या, वीस-बावीस हजारात बसवून देतो." वहिनींनी मला विचारलं, टाकू का?

मी म्हटलं थांबा, आधी आत बघू. फर्मवेअरमध्ये मेमरीच्या पानावर गेलो तर मिरर मोड चालू. याचा अर्थ असा की प्रत्येक गोष्ट मेमरीत दोनदा लिहायची, एक चिप गेली तरी दुसऱ्या प्रतीवर मशीन चालू राहतं. जिथे एक मिनिटही थांबून चालत नाही, तिथे हे बरोबर आहे, पहिल्या मालकाने विचार करूनच लावलं असणार. पण त्याची किंमत अर्धी मेमरी! ६४ मधले ३२ राखीव. यांना त्याची गरज नव्हती. मोड बदलला, साधा केला, मशीन परत चालू केलं, ६४ जीबी समोर. खर्च शून्य. आता त्यात आणखी ३२ टाकले असते तर काय झालं असतं? मिररमुळे ४८ दिसले असते आणि ते खूश झाले असते. त्या दुकानदाराने फसवलं असं मी म्हणत नाही. त्यानेही आत बघितलं नव्हतं, जसं मी भोसरीत बघितलं नव्हतं.

मेमरी कमी दिसण्याची आणखी कारणं असतात. दोन प्रोसेसरच्या बोर्डवर दुसरा प्रोसेसर बसवलेलाच नसेल तर त्याच्या बाजूच्या स्लॉटमधली मेमरी दिसत नाही. विंडोजच्या आवृत्तीचीही मर्यादा असते. जुनी विंडोज सर्व्हर २००८ आर२ स्टँडर्ड ३२ जीबीच्या वर घेतच नाही, आणि विंडोज सर्व्हर २०१९ इसेन्शियल्सची हद्द ६४. म्हणजे मेमरी विकत घ्यायच्या आधी तीन ठिकाणी बघायचं: बोर्ड, फर्मवेअर, विंडोज. आणि घ्यायचीच असेल तर सर्व्हरच्या मेमरीत दोन मुख्य जाती, यूडीआयएमएम आणि आरडीआयएमएम, एकत्र चालत नाहीत. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या मिसळल्या तर सगळ्या सगळ्यात हळू पट्टीच्या वेगाने चालतात. ३२ ची एक पट्टी घेण्यापेक्षा १६ च्या दोन घेऊन झाकणावरच्या तक्त्यात सांगितलेल्या स्लॉटमध्ये बसवा, प्रोसेसरला दोन वाटांनी मेमरीकडे जाता येतं. तो तक्ता सर्व्हरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवतात आणि तो कुणी वाचत नाही.

आता ऑपरेटिंग सिस्टिमचं. इथे नियम असा की विंडोज टाकायच्या आधी ठरवायचं. नंतर हात लावाल तर भाजेल.

बूट मोड दोन प्रकारचा, जुना लेगसी आणि नवा यूईएफआय. लेगसीमध्ये विंडोज टाकली आणि नंतर कुणी मोड यूईएफआय केला, तर विंडोज उठणार नाही. उलटंही तसंच. डेटा जात नाही, पण स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नाही असं आलं की मालकाचा जीव टांगणीला लागतो आणि घाबरलेल्या माणसाला कुणीही "फॉरमॅट करावं लागेल" म्हणून सांगू शकतं. शिवाय लेगसीत बूट डिस्कचा सुमारे २ टीबीच्या पुढचा भाग वापरताच येत नाही, ४ टीबीची घेतलीत तरी. नवीन मशीनवर डोळे झाकून यूईएफआय.

डिस्क कंट्रोलरचा मोड, रेड की एएचसीआय, हाही तसाच. मी एकदा एका ग्राहकाच्या मशीनवर काहीतरी अडलं म्हणून "लोड डिफॉल्ट्स" दाबलं. सगळं मूळ जागेवर, म्हणून मी खूश. डिस्कचा मोडही मूळ जागेवर गेला होता. विंडोज निळ्या स्क्रीनवर येऊन पडली. आधीचं सेटिंग काय होतं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण लिहायचं मीच टाळलं होतं. एकेक पर्याय लावून बघत रात्रीचे साडेअकरा झाले. तेव्हापासून कुठलंही पान बदलण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो. आता सवयच लागलीय.

याच पानांवर एक छोटं सेटिंग आहे ज्याने गेल्या काही काळात लोकांचे बरेच पैसे खाल्ले. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या पुष्कळ पीसींमध्ये ते प्रोसेसरबरोबरच येतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलवर नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. "तुमचं मशीन विंडोज ११ घेत नाही, नवीन घ्या" असं कुणी म्हटलं तर आधी हे उघडून बघा. सातव्या पिढीचं किंवा त्याआधीचं इंटेल मशीन असेल तर मात्र ते म्हणतात ते खरं आहे. आणि डिस्कला बिटलॉकर असेल तर फर्मवेअरला हात लावायच्या आधी त्याची रिकव्हरी की काढून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा, नाहीतर पुढच्या वेळी मशीन ४८ आकड्यांची की मागत बसेल.

एका सर्व्हरवर टॅली वेगळं, हजेरीचं सॉफ्टवेअर वेगळं असं हायपर-व्हीवर चालवायचं असेल तर व्हर्च्युअलायझेशनही इथूनच चालू करायचं.

बोर्डवरच्या बटण सेलबद्दलही दोन ओळी. सीआर२०३२, घड्याळात असतो तसा. काही वर्षांनी तो संपतो आणि करंट गेला की मशीनचं घड्याळ मागे जातं, जुन्या बोर्डांवर सगळी सेटिंग्जही मूळ जागेवर जातात. तारीख चुकली की सरकारी पोर्टल सुरक्षित जोडणीच नाकारतं. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागतो. म्हणजे एका सेलवर तुमचं बिल अडू शकतं. जुना सर्व्हर घेतलात तर पहिल्या दिवशी सेल बदला, विचारात वेळ घालवू नका.

आता माझ्या धंद्यातल्या मित्रांचं म्हणणं. ते म्हणतात, ग्राहकाला कागद दिला की तो स्वतः आत जाऊन काहीतरी बदलतो, मग रात्री फोन आपल्याला. दुसरं, एवढा वेळ कोण देणार, पाच टक्के मार्जिनवर? तिसरं कुणी उघड बोलत नाही, पण असतं: सेटिंग आणि पासवर्ड आपल्याकडे राहिला की ग्राहक दुसरीकडे जात नाही.

पहिल्यात तथ्य आहे. त्यासाठी सेटअपला पासवर्ड लावा, पण तो पाकिटात बंद करून मालकाच्या तिजोरीत द्या. मशीन त्यांचं, पासवर्ड त्यांचा. एका ओळखीच्या क्लिनिकमध्ये बसवणारा माणूस नंबर बदलून गावाला गेला. पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. शेवटी बोर्ड उघडून जंपरने काढावा लागला, तोवर पेशंटची रांग. आयड्रॅक आणि आयएलओचा पासवर्डही यातच आला. जुन्या डेल सर्व्हरवर मूळ नाव रूट आणि पासवर्ड कॅल्विन, हे सगळ्या जगाला माहीत आहे. तो तसाच ठेवून नेटवर्कला जोडणं म्हणजे चावी कुलपालाच लटकवून घरी जाणं.

वेळेचं म्हणाल तर वेळ लागतो, म्हणून पैसे घ्या. हे मी खास तुमच्यापैकी जे या सर्व्हिसच्या धंद्यात उतरणार आहेत त्यांना सांगतोय. मी आता कोटेशनमध्ये "सेटिंग, चाचणी आणि नोंद" अशी वेगळी ओळ टाकतो. सुरुवातीला वाटलं लोक घासाघीस करतील. करतात. पण मी भोसरीच्या टेम्पोची गोष्ट सांगतो आणि बहुतेक जण ती ओळ ठेवतात. हार्डवेअरवर आपल्याला ऑनलाईनच्या भावाशी लढता येत नाही. या ओळीवर ऑनलाईनवाला लढायलाच येत नाही. आणि तिसऱ्या मुद्द्याला मी उत्तर देत नाही, ग्राहकाला कोंडून धंदा करायचा असेल त्याने हा ब्लॉग वाचू नये.

चाचणी कशी करायची ते सांगून थांबतो. सर्व्हर नवीन असतानाच, तुमचा डेटा त्यात जायच्या आधी करा. पहिल्यांदा सर्व्हर विंडोजमधून नीट बंद करा, मग यूपीएसच्या मागून सर्व्हरची वायर काढा, एक मिनिट थांबा, परत लावा. बटणाला हात न लावता उठला पाहिजे. दुसऱ्यांदा सर्व्हर चालू ठेवून यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. किती मिनिटं टिकतो ते लिहा, विंडोज स्वतःहून बंद होते का बघा, आणि ती बंद झाल्यावर लगेच, बॅटरी शिल्लक असतानाच, प्लग लावा. इथे बहुतेक जण नापास होतात. आधीच वापरात असलेल्या सर्व्हरवर करणार असाल तर बॅकअप घेऊन आणि सगळ्यांना टॅलीतून बाहेर काढून मगच.

एमआयडीसीतल्या लोकांना गुरुवार बरा, शेड बंद असते. भोसरीच्या शेठकडे मी दर वर्षी एकदा गुरुवारी जातो, चहा होतो, प्लग निघतो. त्यांचा कागद केबिनच्या दाराला आतून चिकटवलाय. केबिनची दुसरी चावी आता ताईंकडे असते.

तुमच्या मशीनचं मॉडेल आणि लाईट आल्यावरचं सेटिंग सध्या कशावर आहे ते व्हिडिओखाली लिहा. कुठली की दाबायची आणि कुठल्या पानावर जायचं, ते मी उत्तरात सांगतो.